नैनीताल परिसरातील एकदिवसीय सरोवर-सहल : मार्गदर्शकाच्या बोलण्याचा आणि मौनाचा इतिहास

प्रस्तावना

कुमाऊंमधील नैनीताल येथे उतरलेल्या प्रवाशाच्या कानावर पहिल्या तासाभरातच 'लेक टूर' हे शब्द पडतात. सकाळी नैनीतालहून निघावयाचे, भवालीमार्गे भीमताल, नौकुचियाताल आणि सातताल पाहावयाचे, व सायंकाळी परतून नैनी सरोवरात नौकाविहार करावयाचा, असा या सहलीचा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबावयाचे, छायाचित्र कोठून घ्यावयाचे आणि कोणती कथा कोठे सांगावयाची, हे सर्व ठरलेले असते. वाहनचालक हाच बहुधा मार्गदर्शक असतो. सतीचे नेत्र जेथे पडले ते नैनीताल, भीमाने गदाप्रहार केला तेथे भीमताल, नऊ कोपऱ्यांचे ते नौकुचियाताल, अशी माहिती तो आस्थेने देतो.

पर्यटनाकडे अर्थव्यवहार किंवा मनोरंजन या दृष्टीने पाहण्याची आपल्याला सवय आहे. परंतु सहलीचा ठरलेला मार्ग हेही इतिहासाचे एक साधन आहे. कोणती स्थळे दाखविली जातात आणि कोणती वगळली जातात, याला कारणपरंपरा असते. नैनीतालच्या सरोवर-सहलीची जडणघडण कशी झाली आणि या प्रक्रियेत सरोवराच्या इतिहासातील कोणता भाग मार्गदर्शकाच्या निवेदनातून गळून पडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गळून पडलेला भाग केवळ भूतकाळाचा नाही. नगराची आजची सुरक्षितता त्याच्याशी निगडित आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

'स्थानक' ते 'पॉइंट'

डोंगरातील सरोवरे ठरावीक जागी उभे राहून पाहण्याची प्रथा अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये रूढ झाली. थॉमस वेस्ट या धर्मगुरूने १७७८ मध्ये वायव्य इंग्लंडमधील सरोवर-प्रदेशाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सरोवर कोठून पाहावे हे सांगण्यासाठी त्याने 'स्थानके' नेमून दिली होती. त्या काळातील रसिक प्रवासी आपल्याबरोबर रंगछटा असलेला एक लहान बहिर्वक्र आरसा बाळगीत आणि सरोवराकडे पाठ करून त्या आरशातील प्रतिबिंब पाहत. मोबाइल हातात घेऊन पाण्याकडे पाठ करणारा आजचा प्रवासी या परंपरेत अगदीच नवखा नाही. पुढे विल्यम वर्ड्‌स्वर्थ या कवीनेही याच प्रदेशाची मार्गदर्शिका लिहिली. तिचे मूळ लेखन १८१० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. याच कवीने १८४४ मध्ये विंडरमिअरकडे येणाऱ्या रेल्वेला विरोध केला. सौंदर्याची वाट दाखविणाऱ्यालाच वाट तुडविली जाण्याची भीती वाटू लागली, ही घटना पर्यटनाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर ही दृष्टी भारतातील डोंगरांवर आली. महाराष्ट्रातील वाचकाला याचे उदाहरण जवळच सापडते. महाबळेश्वर येथील आर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक ही 'पॉइंट' म्हणून ओळखली जाणारी स्थळे त्याच दृष्टीची अपत्ये आहेत. 'पॉइंट' हा शब्द तर मराठीत इतका रुळला की त्याचे परकेपण आज जाणवतही नाही. मात्र तेथील वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधविला, तो पाण्याच्या गरजेसाठी. नौकाविहाराचे महत्त्व त्याला नंतर आले. सरोवर आधी उपयोगाचे असते आणि मग ते दृश्य बनते, हा क्रम नैनीतालच्या बाबतीतही दिसतो. मात्र तेथे हा बदल अधिक वेगाने आणि अधिक दांडगाईने घडला.

ओझ्याखालचा पहिला मार्गदर्शक

नैनीतालच्या 'शोधा'चे श्रेय पी. बॅरन या इंग्रज व्यापाऱ्याला दिले जाते. शाहजहानपूर येथे साखरेचा व्यवसाय करणारा हा गृहस्थ नोव्हेंबर १८४१ मध्ये या सरोवराकाठी पोहोचला. योगायोग असा की, याच वर्षी ५ जुलै रोजी थॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोपर्यंत आपली पहिली रेल्वे-सहल नेली होती. आधुनिक संघटित सहलीचा आरंभ म्हणून तिचा निर्देश केला जातो. बॅरनने 'पिलग्रिम', म्हणजे यात्रेकरू, या टोपणनावाने आपले हिमालयातील प्रवासवर्णन लिहिले आणि ते १८४४ मध्ये आग्रा येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

'शोध' हा शब्द येथे जपून वापरावयास हवा. आसपासच्या गावांतील लोकांना हे सरोवर पूर्वापार माहीत होते. खोऱ्यात गुरे चरावयास येत आणि देवीच्या स्थानी वर्षातून एकदा जत्रा भरे. स्कंदपुराणाशी जोडल्या जाणाऱ्या मानसखंडात त्रिऋषिसरोवर म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते हेच सरोवर, असे मानले जाते. अत्री, पुलस्त्य आणि पुलह या तीन ऋषींशी त्याचा संबंध जोडलेला आहे. कुमाऊंचा आयुक्त ट्रेल हा १८२३ मध्ये येथे येऊन गेला होता. परंतु स्थानाचे पावित्र्य राखण्यासाठी त्याने या जागेचा बोभाटा केला नाही, अशी परंपरागत माहिती आहे. तात्पर्य, सरोवर अज्ञात नव्हते. ते जाणीवपूर्वक अप्रसिद्ध ठेवले गेले होते.

ही गोष्ट बॅरनच्या स्वतःच्या निवेदनातूनच सिद्ध होते. वाट दाखविण्यास स्थानिक माणसे तयार होत नसत. असे सरोवर आपल्याला ठाऊकच नाही, असे ती सांगत. यावर बॅरनने जी युक्ती नोंदविली आहे ती अशी : वाटाड्याच्या डोक्यावर एक जड दगड द्यावा आणि नैनीतालला दगड मिळत नाहीत, म्हणून हा तेथपर्यंत वाहून न्यावयाचा आहे, असे सांगावे. ओझ्याने त्रासलेला मनुष्य लवकरच बोलून जातो की तेथे दगडांना तोटा नाही. जागा ठाऊक नसेल तर हे त्याला कसे कळावे ? अशा रीतीने त्याचे गुपित फुटते.

प्रवासवर्णनात हा प्रसंग विनोद म्हणून येतो आणि नैनीतालविषयीच्या लोकप्रिय लेखनात आजही तो विनोद म्हणूनच सांगितला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्यात दुसरी गोष्ट पाहावयास हवी. लेखी वृत्तान्तात आलेला नैनीतालचा पहिला मार्गदर्शक हा अनिच्छेने चालणारा, डोक्यावर दगड घेतलेला आणि नाव नसलेला मनुष्य आहे. त्याचे मौन अज्ञानाचे नव्हते. ते राखणदाराचे मौन होते. पवित्र स्थळी परके आले की काय होते, याविषयी त्याचा काही अंदाज असावा, आणि पुढील घटनांनी तो खरा ठरविला.

नावेत झालेला दस्त

पहिल्या भेटीनंतर बॅरनने वृत्तपत्रांतून या स्थळाची प्रसिद्धी केली. घरांसाठी जागा मागणारे अर्ज येऊ लागले. कुमाऊंचा तत्कालीन आयुक्त लशिंग्टन याने स्वतःच्या घराचे बांधकाम सुरू केले. अडचण एकच होती. नरसिंह नावाचा थोकदार संपूर्ण खोऱ्यावर आपला हक्क सांगत होता. थोकदार म्हणजे अनेक गावांवरील वंशपरंपरागत प्रमुख. आपल्याकडील देशमुखासारखे हे पद होते.

१८४२ मध्ये बॅरन पुन्हा आला, तो मैदानी प्रदेशातून वाहून आणलेली एक नाव घेऊन. या सरोवरात तरंगलेली ही पहिली नाव, असे मानले जाते. नरसिंहाला गोडीगुलाबीने तीत बसविण्यात आले. नाव मध्यभागी पोहोचल्यावर बॅरनने वही आणि पेन्सिल पुढे केली आणि हक्क सोडल्याचे लिहून न दिल्यास नाव बुडविण्याची धमकी दिली. नरसिंहाला पोहता येत नव्हते. त्याने लिहून दिले. पुढे याच नरसिंहाची नैनीताल येथे पटवारी म्हणून नेमणूक झाली. खोऱ्याचा धनी अशा रीतीने त्याच खोऱ्याच्या जमिनीची नोंद ठेवणारा चाकर झाला.

आज सायंकाळी नैनी सरोवरात होणारा नौकाविहार हा सहलीचा परमोच्च बिंदू समजला जातो. या पाण्यावरील पहिल्या नौकाविहाराचे फलित म्हणजे बळजबरीने घेतलेला एक लेख होता, ही गोष्ट प्रवाशाला सांगितली जातेच असे नाही; सांगितली गेलीच तर ती साहेबाच्या हुशारीची कथा म्हणून. पराभूताची बाजू त्याच्याच भूमीत विजेत्याच्या विनोदात जमा व्हावी, हे वसाहतकालीन इतिहासलेखनाचे वैशिष्ट्य या ठिकाणी ठळकपणे दिसते.

१८ सप्टेंबर १८८०

यानंतर नगराची वाढ झपाट्याने झाली. १८५७ च्या उठावात रोहिलखंडातून पळालेल्या युरोपीयांनी येथे आश्रय घेतला. १८६२ मध्ये नैनीताल ही वायव्य प्रांतांची उन्हाळी राजधानी झाली. उताराच्या डोंगरांवर बंगले, रस्ते, शाळा आणि चर्च उभे राहिले. झाडे तुटली आणि उतार कापले गेले. १८६० च्या दशकात दरडी कोसळून इशारा मिळाला होता. त्याचा पुरेसा बोध घेतला गेला नाही.

सप्टेंबर १८८० मध्ये सलग दोन दिवस अतिवृष्टी झाली. शनिवार दि. १८ रोजी सकाळी शेर-का-डांडा या डोंगराचा काही भाग व्हिक्टोरिया हॉटेलच्या आवारात कोसळला. गाडलेल्यांना काढण्यासाठी सैनिक आणि मजूर कामास लागले. दुपारी दीडच्या सुमारास त्याहून कितीतरी मोठा कडा सुटला आणि काही क्षणांत हॉटेल, दुकान, सभागृह आणि नैनादेवीचे मंदिर यांना घेऊन सरोवराकडे गेला. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४३ युरोपीय अथवा युरेशियन होती आणि १०८ हिंदी. मृतांत मदतीसाठी धावलेल्यांचा भरणा मोठा होता. डोंगरावरून आलेल्या राडारोड्याने सरोवराच्या उत्तर टोकाकडील सपाट जागा वाढली. आज 'फ्लॅट्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मैदानावर क्रीडासामने होतात, वाहने उभी राहतात आणि सहलीतील मंडळी खाद्यपदार्थांचा आस्वाद घेतात.

सेंट जॉन चर्चमध्ये युरोपीय मृतांची नावे पितळेवर कोरलेली आहेत. उरलेल्या १०८ जणांची नावे सांगणारा कोणी सहलीत भेटत नाही. नैनादेवीचे मंदिर मात्र १८८३ मध्ये सरोवराच्या काठी पुन्हा बांधण्यात आले आणि ते सहलीचे एक आवश्यक स्थळ आहे. मंदिर पुन्हा का बांधावे लागले, हा प्रश्न विचारला तर संपूर्ण इतिहास उलगडतो. पण तो सहसा विचारला जात नाही.

या आपत्तीनंतर ब्रिटिश प्रशासनाने उतारांवर दगडी नाल्यांचे जाळे उभारले. सुमारे साठ मोठे नाले आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य उपशाखा पावसाचे पाणी जमिनीत मुरून उतार सैल होण्यापूर्वीच सरोवरात आणून सोडतात. डोंगर पुन्हा सुटू नये यासाठीची ही व्यवस्था आहे. शेर-का-डांडावरील राज्यपालांचे निवासस्थानही भेगा पडल्यामुळे सोडावे लागले आणि दुसऱ्या जागी नवे भवन १९०० मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स याने केला होता. हे भवन प्रवासी आवडीने पाहतात. नगराला खऱ्या अर्थाने सावरून धरणारे नाले मात्र कोणत्याही सहलीचा 'पॉइंट' झाले नाहीत.

पाणी : उपयोगाचे आणि दृश्याचे

सहलीतील उर्वरित तलावांचा इतिहास वेगळा असला तरी त्यातूनही हेच सूत्र दिसते. भीमताल हे मैदानातून अल्मोड्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरील ठिकाण. चंद घराण्यातील राजा बाज बहादूर चंद याने सतराव्या शतकात येथे भीमेश्वराचे मंदिर बांधले. त्या मंदिराशेजारीच एक दगडी बंधारा आहे. प्रवासी त्यावरून चालत जातात आणि तलाव निसर्गनिर्मित आहे, अशी समजूत घेऊन परततात. मुळात तलाव नैसर्गिक असला तरी १८८० च्या दशकात बंधारा घालून त्याची साठवण वाढविण्यात आली आणि ती वाढविली गेली भाबरच्या शेतीसाठी. भाबर म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा गोट्यांनी भरलेला पट्टा. डोंगरातून आलेले प्रवाह तेथे जमिनीत लुप्त होतात. त्यामुळे कालव्यांवाचून शेती अशक्य होती. १८५६ ते १८८४ या काळात कुमाऊंचा आयुक्त असलेल्या हेन्री रॅम्सेने भाबरमध्ये कालव्यांचे मोठे काम केले. भीमतालचे पाणी या व्यवस्थेचा एक भाग होते. हळद्वानीच्या शेताशी असलेले हे नाते ध्यानात घेतले, तर भीमताल हे निसर्गचित्र न राहता डोंगर आणि मैदान यांच्यातील व्यवहाराचा दस्तऐवज होते.

नौकुचियाताल हा या परिसरातील सर्वांत खोल तलाव; त्याची खोली सुमारे ४० मीटर, तर नैनीतालची सुमारे २७ मीटर आहे. त्याचे नऊ कोपरे एकाच जागेवरून दिसत नाहीत, अशी लोकश्रद्धा मार्गदर्शक सांगतात. साततालच्या समूहात राम, लक्ष्मण, सीता, गरुड आणि नलदमयंती अशी नावे येतात. त्याच दाट अरण्यात अमेरिकन धर्मोपदेशक ई. स्टॅनली जोन्स यांनी १९३० मध्ये ख्रिस्ती आश्रम स्थापन केला. पुराणकथा, राजाश्रय, वसाहतीचे जलव्यवस्थापन आणि मिशनरी कार्य असे विविध थर एका दिवसाच्या वाटेवर आहेत. सहलीत त्यांतील केवळ पहिला थर मुखर होतो. पुराणकथा कोणालाही अडचणीत आणत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

राजधानी ते सहलीचे गाव

१८८४ मध्ये रेल्वे हळद्वानीला व त्यानंतर लवकरच काठगोदामला पोहोचली. १९१५ च्या सुमारास काठगोदाम ते नैनीताल मोटारी धावू लागल्या. स्वातंत्र्यानंतर राजधानीचे वैभव ओसरले आणि नगराच्या अर्थकारणाचा भार पर्यटनावर आला. हिंदी चित्रपटांनी या सरोवराला घरोघरी नेले. 'कटी पतंग'पासून 'कोई... मिल गया' (२००३) पर्यंत अनेक चित्रपटांचे चित्रीकरण या परिसरात झाले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या कुमाऊं मंडल विकास निगमाने निवास आणि सहलींची व्यवस्था केली. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशा खर्चात एका दिवसात चार तलाव दाखविणारी सहल ही याच काळाची देणगी. पूर्वी ज्या मॉल रस्त्यावर हिंदी माणसाने अधिकाराने चालणे कठीण होते, तेथे सर्वसामान्य माणूस मुलाबाळांसह फिरू लागला. या बदलाचे लोकशाही मूल्य नाकारता येणार नाही. पर्यटकाला दोष देऊन मोकळे होणारी टीका हे मूल्य विसरते.

तथापि सरोवरावरील ताण वाढत गेला. इतिहासाचे अभ्यासक अजय सिंह रावत यांनी सरोवराच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि १९९५ मध्ये न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. इतिहास-संशोधक न्यायालयाची पायरी चढतो, हे उदाहरण आपल्या विद्याशाखेला अभिमानास्पद आहे. २००७ पासून तळाच्या पाण्यात कृत्रिमरीत्या हवा सोडण्याची योजना सुरू झाली. २०१७ च्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी इतकी खाली गेली की काठालगतचा तळ उघडा पडला. सरोवराला भूगर्भातून पाणी पुरविणाऱ्या सूखाताल या शेजारच्या खोलगट भागावर झालेली बांधकामे त्या वेळी चर्चेत आली. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या मॉल रस्त्याचा एक भाग खचून सरोवरात गेला. पाऊस आणि उतार यांचे १८८० मधील गणित बदललेले नाही, याची ती आठवण होती.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सरोवर-सहल हा निसर्गाचा सरळ अनुभव नसून तो यात्रेची परंपरा, इंग्रजी 'स्थानक'-दृष्टी आणि स्वातंत्र्योत्तर लोकपर्यटन यांच्या संयोगातून घडलेला संस्कार आहे. दुसरा असा की, या संस्कारात सरोवराची मालकी, त्यासाठी झालेले श्रम आणि मृत्यू, तसेच पाण्याची व्यवस्था या बाबी दृष्टीआड झाल्या. तिसरा आणि अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा की, ही विस्मृती निरुपद्रवी नाही. नाला कशासाठी आहे हे ज्या नगराला आणि ज्या पाहुण्याला ठाऊक नाही, त्यांच्याकडून नाल्यात कचरा टाकला जातो, त्यावर बांधकाम होते आणि शेवटी त्याची किंमत उतारावर राहणाऱ्यांना मोजावी लागते.

यावर उपाय खर्चिक नाही. सहलीच्या मार्गात दगडी नाल्यापाशी दहा मिनिटांचा थांबा, 'फ्लॅट्स'वर १८८० च्या दुर्घटनेची माहिती, भीमतालच्या बंधाऱ्यावर भाबरच्या शेतीचा उल्लेख आणि नावेत बसताना नरसिंहाचे नाव, एवढे घडले तरी पुष्कळ साधेल. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वाहनचालक आणि नावाडी यांच्यासाठी छोटे वर्ग घेतल्यास ते सहज शक्य आहे. महाबळेश्वर, माथेरान यांसारख्या आपल्याकडील स्थळांच्या बाबतीतही असा प्रयत्न करता येईल.

१८४१ मध्ये डोक्यावर दगड घेऊन चालणाऱ्या त्या अनामिक वाटाड्याला बरेच ठाऊक होते आणि म्हणूनच तो गप्प होता. आजचा मार्गदर्शक दिवसभर बोलतो. परंतु सांगण्यासारखे बरेच त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. ते त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे.